अर्धी किल्ली

२ मार्च

चि. कडी हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. दुकानातला जुना संगणक मेला हे वाचून वाईट वाटलं नाही. तुझ्या आत्याच्या गुडघ्यासारखा तोही दोन वर्षं कुरकुरतच होता. नव्या यंत्रावर वही उघडायला गेलीस तर पासवर्ड मागते, हे बरोबरच आहे. जुन्याला तो पाठ होता, नव्याची अजून ओळख कुठे झालीये? वही ठेवणारी कंपनी मार्चअखेर जुनी खाती पुसून टाकणार, हेही समजलं. घाबरू नकोस. चाळीस वर्षांत आपल्या हातून गेलेल्या प्रत्येक किल्लीच्या खाचा त्या वहीत आहेत. मी त्या अशा पुसू देणार नाही.

तीन वर्षांपूर्वी तो प्रकार झाला तेव्हा नवा पासवर्ड मी स्वतः केला आणि तुलाही सांगितला नाही, म्हणून तू फुगली होतीस. आता ऐक. चार शब्द आहेत, एकापुढे एक. एकमेकांचे सोयरे नसलेले. कप म्हटलं की बशी सुचते, म्हणून ती जोडी बाद. जन्मतारीख बाद, बायकोचं नाव बाद, एक-दोन-तीन तर सपशेल बाद. कुलूप चकाकतं म्हणून मजबूत नसतं. पासवर्डाला लांबी लागते, आणि एका दाराची किल्ली दुसऱ्या दाराला चालता कामा नये. तुझ्या बहिणीला एवढंच कळलं नव्हतं.

पण आता तो कुणा एकीच्या हातात द्यायचा नाही, असं मी ठरवलंय. दोन किल्ल्यांची पेटी तुला माहीत आहे. भागीदारीतली माणसं करून घ्यायची, एक किल्ली याच्याकडे, एक त्याच्याकडे, दोन्ही लागल्याशिवाय झाकण उघडत नाही. अशा किल्ल्या एका दिवशी द्यायच्या नाहीत आणि देण्याआधी शेजारी ठेवून ताडून बघायच्या, हा आपल्या दुकानाचा नियम. माझे उस्ताद एकदा ताडायला विसरले. दोन्ही भागीदारांना एकच किल्ली दोनदा घडवून दिली. ते दोघं दिवसभर पेटीसमोर बसून एकमेकांच्या खानदानाचा उद्धार करत होते. मी इतका हसलो की उस्तादांनी माझ्या कानशिलात लगावली.

तर तुझा अर्धा: जिराफ इस्त्री. इंग्रजी अक्षरांत, जोडून. पुढचा अर्धा कोयंड्याला उद्या पाठवतो. दोघींनी दुकानात भेटायचं, एक लिहीत असताना दुसरीने भिंतीकडे बघायचं. कागदावर किंवा फोनवर कुणी कुणाला सांगायचं नाही. फोनवर मला तसंही काही ऐकू येत नाही.

वेळेवर जेवत जा. माझा लोभ दोघींनी निम्मा निम्मा वाटून घ्यावा.

आप्पा


६ मार्च

धाकटीस,
अ. उ. आ. (रिवाज म्हणून.)

तीन वर्षांनी लिहिते आहे, तेही आप्पांच्या हुकमावरून. त्यांचं पत्र तुलाही आलं असेल.

जे झालं ते पुन्हा उगाळत नाही, पण विसरलेही नाही. तू वर्षभर मान मोडून चाळीस वर्षांच्या वह्या संगणकावर चढवल्यास, हे मी कधी नाकारलं नाही. दोन वह्या म्हणजे चोराला दोन दारं, असं म्हणून आप्पांनी कागदी वह्या फाडून त्यांचा लगदा केला, तोही तुझ्यावर विसंबून. आणि तू त्या वहीला कुलूप कोणतं लावलंस? जे चपला विकत घ्यायच्या खात्याला लावलं होतंस तेच! तुझं घरातलं लाडाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. चपलांचं खातं फुटलं आणि तोच शब्द घेऊन कुणीतरी आपल्या वहीत शिरलं. त्याने काय पाहिलं, काय नेलं, देव जाणे. मी आणि आप्पांनी एकशेबारा घरांची कुलपं फुकट बदलून दिली, प्रत्येक दारात मान खाली घालून. बासष्टाव्या दारात आप्पांना भोवळ आली. तू ते पाहिलं नाहीस, कारण तोवर तू गेली होतीस. मी घालवलं, असं तू म्हणशील. म्हण.

आता मुद्द्याचं. ‘पासवर्ड विसरलात का’ हे बटण मी दाबून पाहिलं. त्याचा निरोप तुझ्या त्याच जुन्या पत्त्यावर जातो, जो तू बंद केलास. कंपनीला दोनदा लिहिलं, उत्तर नाही. मार्चअखेर वही गेली तर दुकान गेलंच समज. किल्ली हरवलेलं माणूस माझ्याकडे येतं ते वहीच्या भरवशावर. कुलूप तोडून देणारे तर गल्लोगल्ली आहेत.

रविवारी चौदा तारखेला दुकान बंद असतं. त्या दिवशी ये. तुझा अर्धा लिही आणि हवं तर लगेच परत जा.

लोभाचं नंतर बघू.

थोरली


९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. (मीही रिवाज म्हणून.)

येते चौदाला. सकाळच्या गाडीने येईन, संध्याकाळच्या गाडीने परत. चष्म्याच्या काचा तपासायचं माझं काम दर सोमवारी सकाळी सातला सुरू होतं आणि चरा असलेली एक काच नजरेतून सुटली तरी मला जाब द्यावा लागतो. तेव्हा मी निष्काळजी आहे, असं इथे तरी कुणी म्हणत नाही.

उलट इथे मला कुलूपबाई म्हणतात. माझी चौतीस खाती आहेत आणि चौतीस वेगवेगळे पासवर्ड. ते सगळे एका तिजोरीत ठेवते, म्हणजे संगणकातल्याच, आणि त्या तिजोरीला एकच भलामोठा पासवर्ड आहे, तो फक्त डोक्यात. शिवाय प्रत्येक महत्त्वाच्या खात्याला दुहेरी तपासणी: पासवर्ड बरोबर असला तरी फोनवर आकडा येतो, तो दिल्याशिवाय दार उघडत नाही. कारखान्यातल्या निम्म्या बायकांना मी हे शिकवलं. वरातीमागून घोडं, असं तू म्हणणार. खरं आहे ते.

चूक माझीच होती, ताई. तेव्हाही मी नाही म्हटलं नव्हतं. पण त्या एकशेबारा दारांपैकी एकाही दारात तू मला उभं राहू दिलं नाहीस. पिशवी घेऊन निघाले होते मी तुमच्याबरोबर. पुन्हा या दुकानाची पायरी चढू नकोस, असं तू भर रस्त्यात म्हणालीस. समोरचा न्हावी कात्री थांबवून ऐकत होता. मला निदान स्क्रू तरी पकडू द्यायचे होतेस.

जाऊ दे. आप्पांच्या पत्रातलं अक्षर तू नीट पाहिलंस का? आयुष्यभर फूटपट्टीने आखल्यासारखं लिहिणारा माणूस, आणि आता ओळी उतरणीला लागल्यात. उस्तादांची गोष्ट मला एकाच पानावर दोनदा लिहिलीय. मला ते वाचून कसंसंच झालं.

कळावे. लोभ मागत नाही, पण चहा केलास तर घेईन.

धाकटी


१५ मार्च

धाकटीस,
अ. उ. आ.

चहा केला होता. तू घेतला नाहीस. तो तसाच गार झाला आणि आज सकाळी मी कप विसळला.

काल जे झालं ते शोभणारं नव्हतं, माझंही नाही आणि तुझंही नाही. पण दोष कुणाचा ते लिहून काढल्याशिवाय मला चैन पडणार नाही. मी माझा अर्धा बिनचूक लिहिला. तू भिंतीकडे तोंड करून उभी होतीस. मग तू लिहिलंस, मी भिंतीकडे. यंत्र म्हणालं, चूक. पुन्हा लिहिलं, चूक. पाच वेळा झाल्यावर त्याने दिवसभरासाठी दार बंद केलं. तू म्हणालीस की मीच काहीतरी गाळत असणार, मी म्हणाले की तुझ्याकडून आप्पांचा कागद हरवलाय आणि तू अंदाजपंचे ठोकतेयस. त्यावर तू जे बोललीस ते मी लिहीत नाही, पण न्हाव्याची पुन्हा करमणूक झाली.

आज संध्याकाळी मी एकटीने माझ्या अर्ध्यापुढे आईचं नाव घातलं. मग आप्पांच्या उस्तादांचं, मग दुकानाचं. आप्पा असलं काही ठेवणार नाहीत हे मला माहीत आहे. पण बुडत्याला काडीचा आधार. आणखी दोन वेळा चुकले तर पुन्हा एक दिवस जाईल. उरलेत सोळा.

कागद शोध. सापडत नसेल तर तसं सरळ लिही. मी तुला खाणार नाही.

थोरली


१८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कागद हरवलेला नाही. माझ्यासमोर टेबलावर आहे. तुला विश्वास ठेवायचा नाही ना, तर आप्पांचा नियम मोडते आणि कागदावर लिहिते. माझा अर्धा आहे: जिराफ इस्त्री. अक्षरनअक्षर हेच पाचही वेळा लिहिलं. आता तूच सांग, अंदाजपंचे कोण ठोकतंय.

घर सोडल्यावर मी एकदाच रडले होते, आणि परवा गाडीत दुसऱ्यांदा. दुकानात शिरले तेव्हा माझं उंच स्टूल होतं तिथेच होतं, आणि त्यावर तू साधी एक पिशवीसुद्धा ठेवलेली नव्हतीस. मला वाटलं, कदाचित. मग तू बोलायला लागलीस.

तुझा अर्धा काय आहे ते मला नको सांगूस. मला वही नको, दुकान नको. आप्पांचं आयुष्य त्यात आहे म्हणून आले होते.

लोभ होता. तो आहे की नाही ते आता तूच सांगायचं.

धाकटी


२० मार्च

चि. कोयंडा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी त्या स्टुलावरच बसले. कोयंडे, माझ्याकडेही जिराफ इस्त्रीच आहे.

आप्पांनी दोघींना एकच अर्धा पाठवलाय. तू लिहिताना पडद्यावर उमटणारे ठिपके मी चोरून पाहिले होते, माझ्याइतकेच होते, तेव्हाच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. आणि आपण त्या दोन भागीदारांसारख्या पेटीसमोर बसून एकमेकींचा उद्धार केला. मी तुला खोटी ठरवलं. चुकले. एवढा छोटा शब्द लिहायला मला तीन कागद लागले.

चाळीस वर्षं हा माणूस प्रत्येक किल्ली उजेडात धरून ताडून बघायचा. उस्तादांची चूक दर आठवड्याला सांगून हसायचा. आणि ती चूक आज त्याच्याच हातून झाली, ती गोष्ट ज्या पानावर सांगितली त्याच पानावर. आत्याने जानेवारीत लिहिलं होतं की आप्पा तिच्या घराच्या दाराशी किल्ली घेऊन उभे राहतात आणि कुठल्या बाजूला फिरवायची ते आठवत नाही. मी ते हसण्यावारी नेलं. म्हातारपण म्हटलं. तू त्यांच्या ओळी उतरणीला लागल्याचं लिहिलंस, तेही मी वाचून सोडून दिलं. मला भीती वाटतेय गं.

त्यांना चूक कळू द्यायची नाही. कळली तर ते ती गोष्ट सांगताना पुन्हा कानशिलाला हात लावणार नाहीत, हसणारही नाहीत. मी चक्क खोटं लिहिलंय: तुमच्या पत्रावर चहा सांडला, शब्द पुसले, आणि धाकटीचंही पत्र गहाळ झालंय, तेव्हा दोन्ही अर्धे माझ्याकडेच पाठवा. अठ्ठावीसपर्यंत काही आलं नाही तर दुकान बंद करून तिकडे जाते.

दुकानाची पायरी चढू नकोस, हे मी रागाने म्हटलं होतं. राग गेल्यावरही ते परत घ्यायचं धाडस झालं नाही, एवढं खरं.

लोभ आहे. होताच.

ताई


२३ मार्च

चि. कडी हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्रावर चहा सांडतोच कसा? कामाच्या जागी पेला ठेवायचा नाही हे मी तुला हजारदा सांगितलंय. पालथ्या घड्यावर पाणी!

जुना संगणक मेला हे कळलं. वाईट वाटलं नाही. तुझ्या आत्याच्या गुडघ्यासारखा तोही कुरकुरतच होता.

दोन्ही अर्धे एकीला मिळणार नाहीत. दोन किल्ल्यांची पेटी तुला माहीत आहे. माझे उस्ताद एकदा ताडायला विसरले आणि दोन्ही भागीदारांना एकच किल्ली दोनदा घडवून दिली. मी इतका हसलो की त्यांनी माझ्या कानशिलात लगावली. अजून आठवलं की हसू येतं. तसं आपल्याकडून होता कामा नये.

तुझा अर्धा पुन्हा लिहितो, नीट जप: जिराफ इस्त्री.

आणि कोयंड्याला दुकानात एकटीला सोडू नकोस. हातोडी घेऊन खेळते. शाळेतून आली की आधी तिला खायला दे.

लोभ वाढता ठेव.

आप्पा


२६ मार्च

चि. कोयंडा हिस,
अनेक आशीर्वाद.

मी पत्र लिहीत नाही, कपडे शिवते. पण आता लिहायलाच हवं.

तुझ्या ताईचं मला वेगळं पत्र आलं, त्यातून सगळा घोळ समजला. तीन तारखेला तुझे आप्पा सकाळपासून खिडकीशी बसून लिहीत होते. लिहायचे, फाडायचे, पुन्हा लिहायचे. चार वाजता एक पाकीट माझ्या हातात दिलं, ते मी टपालात टाकलं. काल त्यांच्या कोटाचं अस्तर उसवलं म्हणून तो शिवायला घेतला, तर आतल्या खिशात दुसरं पाकीट. बंद केलेलं, तिकीट लावलेलं, वर तुझं नाव, तीन मार्च. खरं पत्र खिशात राहिलं आणि भलतंच माझ्या हाती आलं, असं दिसतंय. सोबत ते पाठवते. मी उघडलेलं नाही. कुलूपवाल्याची बहीण आहे मी, दुसऱ्याच्या बंद वस्तूला हात लावत नाही.

तुम्ही पोरी त्यांना कळू द्यायचं नाही म्हणताय. अगं, त्यांना कळतं. चष्मा सापडला नाही तर ते हसतात, किल्ली सापडली नाही तर पलंगावर जाऊन बसतात. मी विचारलं तर म्हणतात की सगळं ठीक आहे, तू आपली शिलाई कर. दिवसाचे काही तास अगदी पहिल्यासारखे असतात. मग मलाच वाटतं, मी उगाच घाबरते. आणि तेवढ्यात विचारतात की तुझी आई बाजारातून अजून कशी आली नाही. तिला जाऊन अकरा वर्षं झाली.

तेव्हा एक कर. हे पाकीट एकटीने फोडू नकोस. सुट्टी मागून घे आणि तडक ताईकडे जा. तिथे दोघींनी मिळून उघडा. तुझ्या आप्पांच्या मनात तेच होतं, हे मला अक्षर न वाचताही कळतं.

पोचल्याचं कळव. माझ्या गुडघ्यांची चौकशी केलीस तरच लोभ राहील.

आत्या


(सोबतचं पाकीट)

३ मार्च

चि. कोयंडा हिस,
अनेक आशीर्वाद.

कडीला तिचा अर्धा काल पाठवला. हा तुझा. पण आधी थोडं बोलायचंय.

हा पासवर्ड मी तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी केला. पहिले दोन शब्द सहज सुचले. पुढे अडलो. जो शब्द घ्यावा तो कुणाचा ना कुणाचा नातलग निघे. सकाळभर दुकानात बसून होतो. कडी उरलेली कुलपं बदलायची यादी करत होती. मग लक्षात आलं की आपल्या घरातच दोन शब्द असे आहेत, जे आता कुणी एका दमात उच्चारत नाही. तुझी आई दिवसातून पन्नास वेळा हाक मारायची, कडीकोयंडा, हात धुवा, कडीकोयंडा, आत या. आता कडीसमोर तुझं नाव काढलं तर ती उठून जाते. तुला तिच्याबद्दल विचारलं तर तू हवापाण्याचं बोलतेस. म्हटलं, चोर कितीही हुशार असला तरी हे दोन शब्द शेजारी ठेवून बघायचं त्याच्या मनात येणार नाही. आमच्याच मनात येत नाही.

तर तुझा अर्धा: कडी कोयंडा.

तुझ्या नावाचा शब्द एकदा फुटला म्हणून मी तो टाकून दिला, असं समजू नकोस. तू त्याला एकट्याला पाठवलं होतंस, वर तोच चार ठिकाणी. म्हणून फुटला. मी तुझ्यावर रागावलो होतो, पण दोन दिवसच. तिसऱ्या दिवशी तुला बोलावणार होतो. मग कडीला काय वाटेल म्हणून थांबलो, आणि थांबण्यात तीन वर्षं गेली. ही माझी चूक, तुमची दोघींची नाही.

अलीकडे मला विसरायला होतं. आत्याला कळू देत नाही. पण म्हणूनच घाई करतोय. माझ्या डोक्यातली किल्ली हरवण्याआधी ती तुमच्याकडे असलेली बरी.

बहिणीशी भांडू नकोस. भांडलीस तरी चहा पिऊन जा.

आप्पा


३१ मार्च

ती. आप्पांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

वही उघडली. काल दुपारी पावणेबाराला. दोघींनी मिळून उघडली.

कोयंडा बंद पाकीट घेऊन पायरीशी उभी होती, मी बोलावल्याशिवाय आत येईना. मी हात धरून आत ओढली. तुमचं पत्र आधी तिने वाचलं, मग मी, मग दोघींनी पुन्हा. भिंतीकडे कुणी बघितलं नाही, माफ करा. जिराफ आणि इस्त्री दोघींनी मिळून लिहिलं. पुढे मी तिचं नाव लिहिणार होते, पण कडी आधी येते, म्हणून तिने माझं लिहिलं आणि मग मी तिचं. तीन वर्षांत पहिल्यांदाच ती दोन नावं शेजारी लिहिली गेली. दार पहिल्याच फटक्यात उघडलं.

आता हिला लिहू देते, मागून कोपर मारतेय.

आप्पा, मी कोयंडा. सगळी वही उतरवून घेतली, शेवटच्या पानापर्यंत. नवीन जागी ठेवली, दुहेरी तपासणी लावली, एक प्रत वेगळ्या कुलपात. कालपासून एकशेबारा घरांच्या नव्या खाचा पुन्हा ताडून बघतेय, एक एक, उजेडात धरून. ताई यादी वाचते, मी तपासते. आठ दिवसांची सुट्टी घेतलीय. न्हावी येऊन विचारून गेला की भांडण कधी सुरू होणार.

पुढच्या शनिवारी, दहा तारखेला दोघी तिकडे येतोय. आत्याला सांगा, गुडघ्यांसाठी गरम पट्टी आणतोय.

तुमचा लोभ निम्मा निम्मा वाटून घेतला. मोठा तुकडा ताईने घेतला, असं मला वाटतं.

तुमच्या,
कडी आणि कोयंडा


५ एप्रिल

चि. कडी आणि चि. कोयंडा,
दोघींस अनेक आशीर्वाद.

एका कागदावर तुमची दोघींची अक्षरं. आत्याला मी तीनदा दाखवलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली की पाहिलं हो, आता मला सुई ओवू दे. मी पत्र उशाखाली ठेवलंय.

वही वाचली, बरं झालं. पण एक गोष्ट तुमच्या दोघींच्याही लक्षात आलेली नाही. तो पासवर्ड आता कच्चा झाला. तुम्ही बोलायला लागलात. ते दोन शब्द आता न्हावीसुद्धा एका दमात म्हणेल. मला त्याचं दुःख नाही, पण कुलूप ते कुलूप. ताबडतोब बदलायला हवा.

मी नवा केलाय. सकाळपासून बसून केला. चार शब्द, एकमेकांचे सोयरे नसलेले, अगदी पक्का, कुणाच्या बापाला सापडणार नाही. दोन्ही अर्धे एका दिवशी द्यायचे नाहीत हा आपला नियम, म्हणून आज पहिला अर्धा देतो. नीट जपा. यावर चहा सांडू नका.

जिराफ इस्त्री.

उरलेला उद्या पाठवतो. तो येईपर्यंत दोघी एकत्र राहा, कुणी कुठे जाऊ नका.

तुमचा,
आप्पा